परसातले मित्रकीटक आणि मोसमचे फड

मोसम नदीच्या काठच्या, बागलाणातल्या नामपूर गावातील आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतील डाळिंबाची, उन्हाळी कांद्याची व मक्याची शेती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही की, कीटकनाशकाची बाटली ही आता मळ्यातल्या झोपडीच्या वळचणीला राहिलेली नसून ती घराच्या मागल्या दारापर्यंत, किंबहुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपली आहे. मळ्यात फवारा मारून झाल्यावर पंपाच्या तळाशी जे थोडेसे द्रावण उरते ते ओतून देणे जिवावर येते, म्हणून परसातल्या वांग्यांवर, भेंडीवर, कढीपत्त्यावर आणि पपईवर ते मारून टाकण्याचा शिरस्ता पुष्कळ घरांत पडला आहे, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. शेतातल्या पिकाला फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये काही दिवसांची मुदत सोडता येते, व ती मुदत बाटलीसोबतच्या पत्रकात छापलेलीही असते. परंतु परसातल्या भाजीला ती पाळणे व्यवहारतः अशक्य, कारण परस असतो तोच मुळी रोजच्या रोज तोडण्यासाठी. सायंकाळी फवारलेल्या झाडाची चार वांगी दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीबरोबर ताटात येतात, आणि ती खाणाऱ्यांत घरातली लहान मुले असतात, म्हातारी माणसे असतात, गरोदर सुना असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पण तेच विष थोड्या मात्रेने आपल्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या झाडांवरही पडत असते, याची चर्चा त्या वेळीही झाली नाही आणि आजही होत नाही.

शेतातून विषारी औषधांचा अंमल उठवणे हे दीर्घकाळाचे काम आहे, त्यात बाजारभाव, कर्ज, निर्यातीच्या अटी आणि हवामान असे अनेक प्रश्न गुंतलेले आहेत, हे मी जाणतो. परसाची गोष्ट तशी नाही. तेथे नफ्यातोट्याचा हिशेब नाही, सावकाराचा तगादा नाही, आणि दहा भेंड्यांतल्या दोन किडल्या तर संसार बुडत नाही. म्हणूनच माझे आग्रहपूर्वक म्हणणे असे आहे की, किडींचा नाश करणारे कीटक, ज्यांना कृषिशास्त्र मित्रकीटक म्हणते, ते बागलाणातल्या घराघरांतून बुद्धिपुरस्सर वाढवले जावेत. आणि हे काम कोणा एका हौशी गृहस्थाचे किंवा गृहिणीचे न राहता आळीचे, वाड्याचे, गावाचे व्हावे, कारण एकट्यादुकट्याने केले तर ते टिकत नाही.

ही कल्पना आपल्या घरांना वस्तुतः नवी नाही. जुन्या मातीच्या घराच्या तुळईला, देवघराच्या कोनाड्याला किंवा दाराच्या चौकटीला कुंभारीण माशी ओल्या मातीचे इवलेसे घर बांधते, आणि ते पाडू नये असे वडीलधारी माणसे मुलांना बजावीत असत. ही माशी बाहेरून हिरवी अळी पकडून आणते, नांगीच्या दंशाने तिला ठार न करता केवळ निश्चेष्ट करते, मातीच्या कोठडीत आपल्या अंड्याशेजारी तिला कोंडते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्या कोठडीतून अळी बाहेर येत नाही, तर नवी कुंभारीण बाहेर येते. वेदान्ताने आणि आपल्या संतवाङ्मयाने यावरून भृंगकीटन्याय घेतला: भृंगाच्या अखंड ध्यासाने कीटकच भृंग होतो, तद्वत् ध्यात्याने ध्येयरूप व्हावे. आज आपल्याला ठाऊक आहे की ती अळी माशी झालेली नसते, तर माशीच्या पिलाचे अन्न झालेली असते. तथापि त्यामुळे त्या दृष्टांताची थोरवी मला उणी वाटत नाही. उलट घराच्या भिंतीवर चाललेला एका कीटकाचा व्यवहार इतक्या एकाग्रतेने न्याहाळणारी माणसे आपल्याकडे होती, याचा अभिमान वाटतो. आपल्याला आज नेमके तेच न्याहाळणे पुन्हा शिकायचे आहे. या माशीची एक जात कोळी वेचते, दुसऱ्या जाती पाने खाणाऱ्या अळ्या वेचतात. सिमेंटच्या नव्या घरात तिचे घर दिसले की झाडूच्या फटक्याने ते पाडले जाते, आणि मग त्याच घरातून अळीच्या औषधाची चौकशी करायला माणूस दुकानात जातो.

मित्रकीटक वाढवण्याच्या कामाचा निम्मा भाग म्हणजे जे आपणहून आलेले आहेत ते ओळखणे व त्यांना न मारणे, एवढाच आहे. लाल-नारिंगी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, पुष्कळांना चित्रांवरून माहीत असतो, परंतु त्याची अळी मात्र कोणालाच ओळखू येत नाही. ती काळसर, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी डाग असलेली आणि दिसायला उग्र असते, आणि माव्याने भरलेल्या शेंड्यावर ती दिसली की हीच कीड असे समजून पहिली चिमटली जाते तीच. वास्तविक तिच्या अळीपणाच्या थोड्या दिवसांत ती शेकड्यांनी मावा फस्त करते. पानाच्या मागे उभी मांडून ठेवलेली पिवळी, टोकदार अंडी माव्याजवळ दिसली तर ती बहुधा याच ढालकिड्याची समजावीत. याच्या उलट प्रकार वांग्यावर घडतो. तेथे एपिलॅक्ना नावाचा भुंगेरा येतो. तोही ठिपकेवाला, पण त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लवेमुळे मळकट दिसते, आणि तो पानातला हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी मागे ठेवतो. तो शत्रू, त्याला हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. मित्र आणि शत्रू यांची अंगकाठी इतकी सारखी असताना सरसकट फवारा हा उपाय नव्हे, हे या एका जोडीवरूनच ध्यानात यावे.

आणखी काही पाहुणे सांगितले पाहिजेत. पानाखाली केसासारख्या पांढऱ्या देठावर टेकवलेले बारीक अंडे दिसते ते क्रायसोपाचे. त्याचा प्रौढ कीटक नाजूक, हिरवट आणि पारदर्शक पंखांचा, पण अळी अत्यंत खादाड. माव्याच्या दाटीत मधूनच एखादा मावा फुगून सोनेरी-तपकिरी, कडक झालेला आणि पाठीला वाटोळे छिद्र पडलेला दिसला तर त्याच्या पोटात वाढून एक सूक्ष्म गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे असे समजावे, आणि तशा पानाची फांदी छाटून उकिरड्यावर टाकण्याचा मोह आवरावा. फुलांवर एकाच जागी अधांतरी स्थिर राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी मधमाशी नव्हे, ती सिरफीड माशी. तिचे पोट फुलातल्या मधावर चालते आणि तिची अळी माव्यावर जगते. म्हणून परसातली सगळी कोथिंबीर खुडून न घेता चार काड्या फुलावर जाऊ द्याव्यात, बडीशेपेचे एखादे झाड असावे, कडेने झेंडू असावा. मित्रकीटकांच्या प्रौढांना मध आणि परागही लागतात.

आता प्रत्यक्ष वाढवण्याविषयी. यातली सर्वांत सोपी, बिनखर्चाची आणि कधीही न फसणारी अशी मला वाटते ती रीत म्हणजे ज्वारीच्या किंवा चवळीच्या कुंडीची. एका पसरट घमेल्यात किंवा फुटक्या बादलीत ज्वारी अथवा मका दाट पेरावा, शेजारी दुसऱ्यात चवळी. ज्वारी-मक्याच्या पोंग्यावर येणारा मावा तृणधान्यांवरचा, तो वांगी-भेंडीकडे वळत नाही. चवळीवरचा काळा मावा शेंगवर्गीय झाडांचा, त्यालाही भेंडी रुचत नाही. म्हणजे ही दोन भांडी म्हणजे मित्रकीटकांचे कोठारच होय. तेथे मावा जमू द्यायचा, त्यावर औषध मारायचे नाही, पाण्याच्या जोराने तो धुऊनही काढायचा नाही. तो जमला की ढालकिडे आपणहून येतात, अंडी घालतात, आणि अळ्या दिसू लागल्या की त्यांच्यासकट पान कात्रीने कापून वांग्याच्या किंवा भेंडीच्या माव्याने ग्रासलेल्या शेंड्यावर टाचणीने अडकवायचे. प्रयोगशाळांतूनही सहा ठिपक्यांच्या ढालकिड्याची पैदास चवळीच्या माव्यावरच करतात. परसात वाल लावलेला असेल तर चवळीचे घमेले त्यापासून लांब ठेवावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. आपल्या भागात कांद्याच्या वाफ्याभोवती मक्याच्या ओळी लावण्याची जी शिफारस राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने केलेली आहे, तिचा मुख्य हेतू फुलकिड्यांना अटकाव करण्याचा आहे. पण त्याच मक्याच्या आश्रयाला ढालकिडेही येतात, हा तिचा वाढीव लाभ.

या सर्व खटाटोपात मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकून लावतात. खोडावर मुंग्यांची रांग चालू असेल तर तुम्ही सोडलेला एकही मित्रकीटक टिकणार नाही. दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपल्या घरांतली जुनी युक्ती कुंड्यांच्या मांडणीला जशीच्या तशी लागू पडते. झाडाच्या खोडाला चिकट पट्टी गुंडाळली तरी चालते.

बागलाणात ज्याची सर्वाधिक निकड आहे आणि ज्याच्यासाठी थोडे कष्ट घेणे सर्वस्वी योग्य ठरेल, तो कीटक मात्र निराळा. पिठ्या ढेकूण, ज्याला आता शेतकरी मिलीबगच म्हणतात, तो डाळिंबाच्या फळाच्या देठाशी, द्राक्षाच्या घडात, जास्वंदीच्या शेंड्यावर, पेरूवर आणि सीताफळावर कापसासारखा दाटतो. अंगावर मेणाचे आवरण असल्याने फवाऱ्याला तो फारशी दाद देत नाही. त्याचा काळ म्हणजे क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला; अल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो कॅलिफोर्नियात नेला, आणि १८९८ साली तो दक्षिण हिंदुस्थानात कॉफीवरच्या खवल्या किडीसाठी आणण्यात आला. ज्या किडीसाठी आणला ती त्याच्याने आटोपली नाही, पण पिठ्या ढेकणावर तो येथे स्थिरावला. आकाराने तीन-चार मिलिमीटर, रंगाने काळपट, डोके आणि पाठीचा शेवट तांबूस-नारिंगी असा हा भुंगेरा. आणि त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींनी इतकी मढलेली असते की ती थेट मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून भुंगेरे आणून बागेत सोडणारा शेतकरी पंधरा दिवसांनी या अळ्या पाहून कीड वाढली असे समजतो आणि फवारा मारून स्वतः पैसे मोजून आणलेले सैन्य गारद करतो. काडीने हळूच डिवचून पाहावे: जी झपाट्याने चालू लागते ती क्रिप्टोलिमसची अळी, आणि जो जागचा हलायला फारसा राजी नसतो तो पिठ्या ढेकूण.

याची पैदास कॅलिफोर्नियात अंधाऱ्या खोल्यांतील बटाट्याच्या कोंबांवर करीत आले. आपल्याकडे ती तांबड्या भोपळ्यावर करण्याची पद्धत रूढ आहे, आणि आपल्याकडे डांगराला काय तोटा! पक्व, कडक सालीचे, खोल कंगोरे असलेले आणि देठ शाबूत असलेले डांगर घ्यावे; ते स्वच्छ धुऊन, पुसून, कोरडे करून त्याला कोठे चीर किंवा खरचटलेली जागा असेल तर ती वितळलेल्या मेणाने बुजवावी, म्हणजे ते लवकर सडत नाही. मग चुंबळीवर बसवून त्याच्या माथ्याशी पिठ्या ढेकणाचे कापसासारखे अंडपुंज ठेवावेत आणि लाकडी खोक्यात, दाराच्या जागी मलमलीचा पडदा लावून, उबदार व अंधाऱ्या जागी ते ठेवून द्यावे. अंड्यांतून निघालेली पिल्ले कंगोऱ्यांच्या खाचांतून पसरतात आणि दोन-तीन आठवड्यांत सारे डांगर पांढरे होते. तेव्हा त्यावर क्रिप्टोलिमसचे भुंगेरे सोडावेत. ते त्या कापसात अंडी घालतात, अळ्या ढेकूण खातात, कोश करतात, आणि साधारण महिन्याभराने नवे भुंगेरे निघून पडद्याच्या उजेडाकडच्या बाजूला जमू लागतात. तेथून ते काचेच्या बाटलीत उतरवून घेता येतात. पंचवीस ते सत्तावीस अंश तापमान त्यांना मानवते. खोके परसातल्या झाडांपासून दूर असावे आणि त्याचे पाय पाण्यात असावेत, नाहीतर ढेकूण निसटून आपल्याच जास्वंदीवर जायचे. या कामात विशेष यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती दररोज एकदा पडदा उघडून पाहण्याची चिकाटी, आणि ती पापड-कुरडया उन्हात घालून दिवसभर राखणाऱ्या आपल्या बायकांजवळ विपुल आहे.

सगळेच मित्रकीटक घरी वाढवावेत असे मात्र मी सांगणार नाही. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि अळी जन्माला येण्यापूर्वीच तिचा निकाल लावते. सुमारे वीस हजार अंड्यांचे एक ट्रायकोकार्ड कृषी विद्यापीठांच्या व खाजगी प्रयोगशाळांतून मिळते, त्याच्या पट्ट्या कापून सायंकाळी पानांखाली टाचल्या की काम झाले. परंतु तिची पैदास ज्या पतंगाच्या अंड्यांवर होते तो कॉर्सेरा पतंग साठवलेल्या धान्याची कीड आहे, भरडलेल्या ज्वारी-बाजरीत तो वाढवावा लागतो, आणि त्याच्या पंखांची धूळ श्वासावाटे जाऊन दम्याचा त्रास होतो. ज्या घरात कणगी आहे आणि मुले आहेत तेथे त्याचे काम नाही. कार्ड विकतच घ्यावे. क्रायसोपाच्या अळ्या एकमेकींना खातात, तेव्हा त्यांना एकेकीला निराळी कोठडी द्यावी लागते, म्हणून तेही प्रयोगशाळेचेच काम. प्रार्थना कीटक दिसला तर राहू द्यावा. वाढवण्याच्या भरीस पडू नये, कारण त्याला मित्र आणि शत्रू दोन्ही सारखेच गोड. आणि परदेशातून कोणी काही आणून देऊ लागला तर ते कदापि घेऊ नये. युरोप-अमेरिकेत माव्यासाठी आशियातून नेलेला हार्मोनिया नावाचा ढालकिडा पुढे इतका माजला की त्याने तेथल्या स्थानिक ढालकिड्यांनाच मागे सारले. आपल्याकडे गाजर गवतावरचे मेक्सिकन भुंगेरे १९८३ साली आणले गेले ते बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी चाचण्या घेऊन, आणि तरीही ते सूर्यफुलावर दिसल्याची बातमी येताच पुन्हा चौकशी करावी लागली. तो अधिकार सरकारी संस्थांचाच असू द्यावा.

घरगुती प्रयोगाने शेताच्या किडीला काय होणार, असा आक्षेप येईल. महाराष्ट्राच्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे, आणि तो इतिहासही फार जुना नव्हे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर असा त्याने ऊसपट्टा व्यापला. पाने खालून पांढरीशुभ्र, वरून काळ्या बुरशीने माखलेली, आणि पुरुषभर उंचीच्या त्या उसात फवारा घेऊन शिरायचे कसे हा प्रश्न! त्या वेळी रसायनांनी जे साधले नाही ते कोनोबाथ्रा या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस या तपकिरी पंखांच्या कीटकाने साधले. ज्या फडात या अळ्या आढळल्या तेथली पाने कापून शेतकऱ्यांनी ती दुसऱ्याच्या फडात नेऊन टाचली. शेडनेटखाली मावाग्रस्त ऊस उभा करून त्यावर त्यांची पैदास केली. कृषी विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा साखर संस्था आणि साखर कारखाने यांनी ते काम उचलून धरले. आणि काही वर्षांतच लोकरी माव्याची दहशत ओसरली. ज्या माणसांना त्या किड्यांची नावे आदल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती, ती माणसे कोनोबाथ्राची अळी तळहातावर घेऊन ओळखू लागली होती. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, एकाने दुसऱ्याच्या शेतात अळ्या नेऊन सोडल्या आणि दुसऱ्याने त्यानंतर फवारा थांबवला.

हा फवारा थांबवणे हेच खरे मर्म आहे, आणि ते कॅलिफोर्नियानेही भारी किंमत देऊन शिकून घेतले. याच कोबेलेने १८८८ साली ऑस्ट्रेलियात जाऊन लिंबूवर्गीय फळांच्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या खवल्या किडीचा शत्रू, एक छोटासा लाल-काळा ढालकिडा, शोधून काढला. पहिल्या काही पाठवण्यांतल्या शे-सव्वाशे भुंगेऱ्यांतून त्यांचा एवढा विस्तार झाला की दोनेक वर्षांत बागा सावरल्या, आणि पुढे अर्धशतकभर ती कीड डोके वर काढू शकली नाही. मग दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. ते दुसऱ्याच किडीसाठी फवारले गेले. पण ढालकिडे मेले, आणि गेलेली खवल्या कीड परत उफाळून आली.

आपल्या परसाची हीच गत होते. एका घरात गृहिणी ज्वारीचे घमेले जपते, अळ्या मोजते, आणि शेजारचा मनुष्य कुंपणापलीकडून पंप चालवतो. वाऱ्यावर तो फवारा अलीकडे येतो, शिवाय भुंगेरे पंखांचे प्राणी असल्याने स्वतःच पलीकडे जाऊन मरतात. अमेरिकेत पाकिटातून ढालकिडे विकत आणून बागेत सोडण्याची मोठी चाल आहे, आणि त्यातले बहुतेक थोड्याच दिवसांत दुसरीकडे उडून जातात, हा तेथील अनुभव आहे. तेव्हा बांध, कुंपण, सातबाऱ्याचा उतारा ही भाषा कीटकांना लागू करता येत नाही. येथे सामाईक व्यवस्थाच पाहिजे.

आणि सामाईक व्यवस्थेचे शिक्षण घ्यायला मोसमच्या खोऱ्यातल्या माणसाने अन्यत्र जावे असे काय आहे? पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी बंधारे घालून, पाट काढून जी फडपद्धती शतकानुशतके चालवली, तिच्यात सारा मुलूख फडांत विभागलेला असे, कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे ते सर्व मिळून ठरवीत, पाण्याची पाळी पाटकरी सांभाळी, देखरेखीला हवालदार आणि जागले असत आणि तंटा उपजला तर पंच निवाडा करीत. आपल्या तुकड्यात मनाला येईल ते पेरण्याची मुभा तेथे कोणालाही नव्हती, आणि म्हणूनच शेवटच्या तुकड्यालाही पाणी पोहोचत असे. हरणबारीसारखी धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि ती वहिवाट बव्हंशी मोडली. तरी तिची आठवण मोडलेली नाही. पाण्यासाठी जे साधले ते कीटकांसाठी का साधू नये? एका आळीतल्या दहा-बारा घरांनी मिळून ठरवावे की आमच्या परसांत अमुक महिन्यापासून विषारी फवारा होणार नाही. कोणाला अगदीच गरज पडली तर निंबोळी अर्क, साबणाचे पाणी किंवा हाताने वेचणे. आणि कोणी मळ्यातले उरलेले द्रावण घरी आणणार नाही. एखाद्या जाणत्या मुलाला किंवा मुलीला आळीचा पाटकरी नेमावा, म्हणजे कोणाच्या घमेल्यात अळ्या झाल्या आहेत आणि कोणाच्या वांग्यांना त्यांची गरज आहे, याची देवघेव तो पाहील.

सरकारदरबाराकडून आणि संस्थांकडून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत, पण निश्चित आहेत. आज विषाची बाटली चौकातल्या दुकानात, हव्या त्या वेळी आणि उधारीवरसुद्धा मिळते. मित्रकीटक हवा असेल तर राहुरीला किंवा पुण्याला मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, आणि तो जिवंत माल असल्याने वाटेतच मरण्याचा धोका असतो. हे अंतर तोडल्याशिवाय नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही. मालेगाव आणि नाशिक येथील कृषी विज्ञान केंद्रांनी क्रिप्टोलिमसचे मूळ बीज, म्हणजे शे-दोनशे भुंगेरे, नामपूरसारख्या गावांना पुरवण्याची आणि वर्षातून एकदा ते बदलून देण्याची तजवीज करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोषण आहारासाठी परसबागा केल्या जातात. त्या बागांशेजारी एका खोलीत डांगरांची मांडणी सहज बसते, आणि सातवी-आठवीतल्या मुलांना पुस्तकातल्या अन्नसाखळीच्या आकृतीपेक्षा तेथे कितीतरी अधिक शिकायला मिळेल. महिला बचत गटांनी हा व्यवसाय म्हणून पत्करला तर डाळिंब-द्राक्षांच्या बागाईतदारांना भुंगेरे विकून चार पैसेही हाती येतील. त्यासाठी नामपूरच्या बाजार समितीने आवारात एक टेबल मांडू द्यावे. कीटकनाशकांच्या जाहिरातींचे फलक जेथे तेथे झळकतात, तेथे ढालकिड्याच्या अळीचे, क्रायसोपाच्या अंड्याचे आणि क्रिप्टोलिमसच्या पांढऱ्या अळीचे मोठे रंगीत चित्र लावणे तर ग्रामपंचायतीला केव्हाही शक्य आहे. त्या तीन चित्रांनी जेवढे जीव वाचतील तेवढे कोणत्याही परिपत्रकाने वाचणार नाहीत.

आरंभ केव्हा करावा, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडचा कडक उन्हाळा क्रिप्टोलिमसला सोसत नाही आणि कडाक्याच्या थंडीत त्याची वाढ मंदावते. म्हणून डांगरे आषाढाच्या अखेरीस मांडावीत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, पावसाचा जोर उतरून हवा मध्यम झालेली असताना, भुंगेरे सोडण्याजोगे होतात. ते भर दुपारी सोडू नयेत. सायंकाळी ऊन कलल्यावर, खोडावरच्या मुंग्या आधी हटवून, जेथे पिठ्या ढेकूण दाट दिसतो त्याच फांदीवर बाटली हळूच आडवी धरावी. ज्वारी-चवळीच्या घमेल्यांना एवढा मुहूर्त लागत नाही. ती पाऊस पडल्यावर केव्हाही पेरावीत, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी एक नवे घमेले पेरीत जावे, म्हणजे जुन्या ज्वारीचा मावा संपला तरी ढालकिड्यांना पुढची जागा तयार असते.